विहिरीचं पाणी नऊ दिवस निवळलं नाही : मैलागाळ टाकलेल्या रानातून नेमकं काय उतरतंय?

रानातला_मोहोळ

नमस्कार मंडळी. जरा लांबण लागेल, पण सगळं सांगितल्याशिवाय प्रश्न कळायचा नाही.

आमचं रान मोहोळ तालुक्यात, साडेचार एकर. दोन एकर डाळिंब, बाकीत रब्बीला मालदांडी ज्वारी आणि बांधाच्या कडेनं तूर. जमीन भारी काळी. दोन फुटांवर चुनखडीचे खडे लागतात. उन्हाळ्यात भेगा अशा पडतात की मागच्या मे महिन्यात माझ्या मुलीची चप्पल एका भेगेत गेली, ती काढायला कोपरापर्यंत हात घालावा लागला.

डाळिंबाच्या दोन एकरांपैकी विहिरीलगतच्या एकरात मी फेब्रुवारीत दोन ट्रॉल्या मैलागाळ टाकला. शहराच्या सांडपाण्याचा, वाळवलेला, काळा भुगा. वास जवळजवळ नव्हता. शेणखताची ट्रॉली आता आमच्यासारख्याला झेपत नाही, आणि गाळ नुसत्या वाहतूक खर्चात पडला. ज्यांच्याकडून आणला त्यांना मी तपासणीचा कागद मागितला होता. "सगळे नेतात, कुणाची तक्रार नाही," एवढंच उत्तर मिळालं. तिथंच थांबायला हवं होतं, हे आता कळतंय.

मृगाचा पहिला पाऊस जिरून गेला. दुसरा मोठा झाला, चाऱ्या भरून वाहिल्या. ज्वारीच्या रानातल्या चारीत साचलेलं पाणी दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत निवळलं, तळाचं ढेकूळ दिसायला लागलं. गाळाच्या एकरातलं पाणी मात्र दूध जास्त झालेल्या चहासारखं, आणि ते तसंच राहिलं. तीन दिवसांनी विहिरीच्या पाण्यालाही तोच रंग आला. मी रोज सकाळी काचेची बरणी भरून खिडकीत ठेवायचो. नऊ दिवस झाले, पहिली बरणी अजून गढूळच आहे. तळाला बोटभर गाळ बसलाय, पण वरचं पाणी काही स्वच्छ होत नाही.

माझा मेहुणा पुण्यात शिकतो. त्यानं मोबाइलवर वाचून सांगितलं की अशा गाळात नॅनो कण असतात, चांदीचे, टायटॅनियमचे, आणि ते गाळणीतूनही जातात. तेव्हापासून झोप नाही. घरात प्यायला जारचं पाणी आहे, पण जनावरं आणि कामावर येणारी माणसं याच विहिरीचं पितात.

हे नॅनो कणच आहेत का? बागेला, माणसांना धोका किती? आणि आता करायचं काय, गाळ खरवडून काढायचा का?

डाळिंबाला पाणी ठिबकनं, बोअरचं. बोअर दोन वर्षांपूर्वी घेतला, पाणी जरा मचूळ आहे, ड्रिपरच्या तोंडाशी पांढरं धरतं. ज्वारीचं रान पावसावरच.


सीनाकाठ

भाऊ, एवढं घाबरू नका. आमच्या आज्याच्या वेळी गावाबाहेर खड्ड्यात सोनखत व्हायचं आणि ते रानात जायचं, त्यावर भाजीपाला पिकायचा. नॅनो वगैरे कारखान्यात बनवलेल्या वस्तू, तुमच्या मातीत आणि गाळात त्या कुठून येणार? पाऊस नवा आहे, गढूळ येणारच.

विहिरीत तुरटी फिरवून बघा. आमची आजी निवळीचं बी घागरीच्या आतून घासायची, तासाभरात पाणी आरशासारखं व्हायचं. हल्ली ते बी मिळत नाही. जनावरांना मात्र चार दिवस दुसरं पाणी पाजा.


मातीवाली_सोलापूर

मी एकतीस वर्षं सोलापुरात माती-पाणी तपासलं, आता घरीच असते. तुम्ही बरण्या भरून ठेवल्यात, तारीख धरून पाहिलंत, म्हणून तुम्हाला लांब उत्तर लिहिते.

सीनाकाठचे दादा म्हणतात तसं नॅनो म्हणजे कारखान्यातलंच, असं नाही. १ ते १०० नॅनोमीटरच्या कणाला नॅनो कण म्हणायचं, आणि १ नॅनोमीटर म्हणजे मिलिमीटरचा दहा लाखावा भाग. त्याच्या पुढं साधारण १००० नॅनोमीटरपर्यंत, म्हणजे १ मायक्रॉनपर्यंत, जे पाण्यात तरंगत राहतं ते कलिल. प्रयोगशाळेत आम्ही कोलॉइडच म्हणायचो. हा शब्द थॉमस ग्रॅहम यांनी १८६१ साली गोंदाच्या ग्रीक शब्दावरून केला. तुमची काळी माती ओली असताना नांगराच्या फाळाला, टायरला, पायाला जी चिकटते, तो चिकटपणा ह्याच कणांचा.

आपल्या रानाखालचा काळा पाषाण साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचा. तो झिजून झिजून स्मेक्टाइट नावाचं खनिज झालं. त्याचा एकेक पापुद्रा जाडीला जेमतेम १ नॅनोमीटर. असे पापुद्रे वहीच्या पानांसारखे एकावर एक. पानांच्या मध्ये पाणी शिरलं की माती फुगते, निघून गेलं की आक्रसते आणि भेगा पडतात. मुलीची चप्पल गेली ती या पानांमुळे. निव्वळ स्मेक्टाइट एक ग्रॅम घेतलं आणि सगळी पानं उलगडून पसरली, तर ७०० ते ८०० चौरस मीटर जागा भरते. अर्धा चमचासुद्धा नाही एवढ्या मातीत सात गुंठे. तुमची कॅल्शियम, पोटॅश, जस्त, सगळी अन्नद्रव्यं या सात गुंठ्यांवर धरलेली असतात. त्याच्या जोडीला लोहाचे ऑक्साइड असतात. त्यातल्या फेरिहायड्राइटचे कण २ ते ६ नॅनोमीटरचे. आणि ह्युमस, म्हणजे कुजून मुरलेला पालापाचोळा. काळ्या मातीत सेंद्रिय कर्ब फार असतो असा लोकांचा समज आहे. तो बहुतेक वेळा अर्धा टक्कासुद्धा भरत नाही. जो आहे तो या पापुद्र्यांना घट्ट बिलगलेला असतो, आणि रंगात त्याचा वाटा आहे.

म्हणजे तुमच्या बरणीत नॅनो कण आहेत का? आहेत. पण त्यातले बहुतेक तुमच्याच रानाचे आहेत, गाळाबरोबर आलेले नाहीत.

आता ते खाली का बसत नाहीत? २ मायक्रॉनचा कण २० अंशाच्या पाण्यात १० सेंटिमीटर खाली यायला सुमारे ८ तास घेतो. कण वीसपट लहान झाला की वेग चारशेपट कमी होतो. ०.१ मायक्रॉनच्या कणाला तेवढंच अंतर उतरायला हिशेबानं चार महिन्यांहून जास्त लागतात, आणि प्रत्यक्षात पाण्याचे रेणू त्याला सारखे ढकलत राहतात म्हणून तो बसतच नाही. बसायचा एकच मार्ग, एकमेकांना चिकटून जड होणं. आणि तिथंच अडचण आहे, कारण या पापुद्र्यांवर ऋण भार असतो, ते एकमेकांना दूर सारतात. मध्ये कॅल्शियम आला तर तो दोघांना बांधून ठेवतो. सोडियम आला तर बांधत नाही, उलट पाणी ओढून त्यांना आणखी लांब करतो. कणांना गोठवायच्या कामी दोन भाराचा कॅल्शियम एक भाराच्या सोडियमपेक्षा सिद्धांतानं ६४ पट जोरदार आहे.

प्रयोगशाळेत मातीतली चिकणमाती मोजताना आम्ही मुद्दाम सोडियम हेक्झामेटाफॉस्फेट घालायचो. उंच नळकांड्यात एक लिटर पाणी, त्यात ती माती, वर-खाली ढवळायचं आणि ठेवून द्यायचं. सोडियम नसता तर माती तासाभरात गोळे होऊन तळाला बसली असती. सोडियम घातला की दुसऱ्या दिवशी सकाळीही नळकांडं दुधाळ. तुमच्या खिडकीतल्या बरण्या वाचताना मला ते नळकांडंच डोळ्यांसमोर आलं.

म्हणून तुमच्या शेवटच्या ओळीपाशी मी थांबले. बोअरचं पाणी मचूळ, ड्रिपरला पांढरं धरतं, आणि ते फक्त डाळिंबाला जातं. तुम्ही गाळाच्या एकराची तुलना ज्वारीच्या रानाशी केलीत. पण त्या दोन रानांत फरक फक्त गाळाचा नाही, पाण्याचाही आहे. डाळिंबाच्या दुसऱ्या एकरातलं पाणी कसं होतं? गाळ नाही, पण बोअर आहे, अशी ती जागा. तिथलं तुम्ही काहीच लिहिलं नाहीत.

मचूळ पाणी देत असताना खराबी दिसत नाही. पाण्यात क्षार भरपूर असल्यामुळे कण गोठलेलेच राहतात. ड्रिपरपाशी जे पांढरं धरतं तो चुना. म्हणजे पाण्यातला कॅल्शियम तिथंच बसतोय आणि सोडियम पुढं मातीत जातोय. मग पावसाचं गोडं पाणी येतं, क्षार धुऊन जातात, कणांवर बसलेला सोडियम तेवढा मागं राहतो, आणि एका पावसात माती विरघळल्यासारखी फुटते. चोपण, म्हणजे सोडियमनं बिघडलेल्या जमिनीची सुरुवात बहुतेक अशीच होते. शेतकरी पावसाला दोष देतो आणि बोअर चालूच राहतो.

गाळाचाही वाटा आहे, नाही असं नाही. ताज्या मैलागाळातले सेंद्रिय अंश मातीच्या कणांवर लेप चढवतात. लेप बसलेले कण एकमेकांजवळ यायला तयार नसतात. तुमचा तो चहाचा रंग त्यातून आला असावा. नुसती माती फुटली असती तर पाणी राखाडी दिसलं असतं.

मेहुण्यानं सांगितलेलं खोटं नाही. कापडाला, औषधाला वापरलेली चांदी सांडपाण्यात जाते, पण गटारात आणि टाकीत गंधकाशी मिळून तिचं सिल्व्हर सल्फाइड होतं. असे ५ ते २० नॅनोमीटरचे कण मैलागाळात सापडलेत. ते पाण्यात जवळजवळ विरघळत नाहीत, म्हणून मूळ चांदीपेक्षा पुष्कळ निरुपद्रवी. टायटॅनियम डायऑक्साइड टूथपेस्ट, रंग, क्रीम यांतून येतं आणि बहुतेक गाळातच अडकतं. जस्त येतं ते सल्फाइड, फॉस्फेट किंवा लोहाच्या कणांवर चिकटून. तुमच्या जमिनीचा सामू (pH) ८ च्या वर असणार, चुनखडी आहे, चिकणमाती आहे. अशा जमिनीत धातू वरच्या थरात अडकून राहतात.

पण त्यात एक पळवाट आहे. जमिनीला भेगा असतात तेव्हा पाणी मातीतून पाझरत नाही, भेगेतून थेट खाली पडतं, आणि कलिल कणांवर बसून धातूही, फॉस्फरसही खाली जातो. आणखी एक गोष्ट मला नोकरीत फार खुपायची. पाणी तपासताना ०.४५ मायक्रॉनच्या गाळणीतून जे पार होतं त्याला 'विरघळलेलं' म्हणायची पद्धत आहे. १०० नॅनोमीटरचा कण त्यातून आरामात जातो. म्हणजे अहवालात 'विरघळलेलं जस्त' लिहिलेलं असतं, तेव्हा त्यातलं काही कणांवर बसून आलेलं असतं. एका माणसानं तसा आकडा बघून डाळिंबाची बागच काढायची ठरवली होती. त्याला हे समजवायला मला दोन दिवस लागले.

आता काम सांगते. तीन जागची सुकी ढेकळं आणा, वाटाण्याएवढी : गाळाचा एकर, डाळिंबाचा दुसरा एकर, ज्वारीचं रान. पावसाचं पाणी उघड्यावर भांडं ठेवून धरा, पत्र्यावरचं नको. काचेच्या पेल्यात पाणी, त्यात हळूच ढेकूळ सोडा आणि ढवळू नका. १० मिनिटांनी बघा, २ तासांनी बघा, दुसऱ्या दिवशी बघा. ढेकूळ फुटून ढीग होणं वेगळं, आणि ढिगाभोवती दुधाळ वलय सुटणं वेगळं. आपल्याला वलय बघायचंय, ते सोडियमचं लक्षण. मग तीनच पेले परत, पण पाण्यात चिमूटभर जिप्सम, म्हणजे कॅल्शियमचा क्षार, आधी विरघळवून. अंधारात बाजूनं लेझरचा किरण सोडून बघा. पेल्यात रेघ दिसली तर कण आहेत. लेझर कुणाच्या डोळ्यावर जाऊ देऊ नका, मुलीला लांब ठेवा.

गाळ खरवडू नका. काय निघालं ते कळवा.


शेततळं_सांगोला

विषय निघालाच आहे म्हणून ताईंना विचारतो. माझ्या शेततळ्याचं पाणी वर्षभर भुरकट असतं. सँड फिल्टर आहे, पुढं डिस्क फिल्टर आहे, तरी लॅटरलच्या (ठिबकच्या बारीक नळीच्या) शेवटचे ड्रिपर दर महिन्याला बुजतात. उघडून बघितलं तर आत लोण्यासारखा मऊ चिखल. फिल्टरमधून जर गेला, तर ड्रिपरमध्ये का अडकतो?


मातीवाली_सोलापूर

तुमची डिस्क १२० मेशची असेल तर तिची फट सुमारे १३० मायक्रॉन. मातीचा कण १ मायक्रॉनच्या आतला. तो फिल्टरच्या फटीतून जातो म्हणजे गावाच्या वेशीतून मुंगी गेल्यासारखं. एकेकटा असेपर्यंत तो ड्रिपरमधूनही निघून जातो.

अडकतो तो गोळा झाल्यावर. ठिबकमधून कॅल्शियम नायट्रेट सोडता का? सोडत असाल तर तुम्ही नळीच्या आतच कॅल्शियम देऊन कण गोठवताय. लॅटरलच्या टोकाला पाणी संथ असतं, तिथं ते बसतात. पाणी तळ्यातून उपसण्याआधी एका टाकीत तुरटी किंवा जिप्समनं निवळून घ्या, गोळे टाकीतच बसू द्या. आणि खत सोडून झाल्यावर टोकाची बुचं काढून नळ्या धुवा, दर वेळी.


रानातला_मोहोळ

ताई, सांगितलं तसं केलं. सहा पेले, ओट्यावर ओळीनं. बायको आणि मुलगी दोघी रात्री दोनदा उठून बघून आल्या.

पावसाच्या पाण्यात ज्वारीच्या रानाचं ढेकूळ दहा मिनिटांत फुटून ढीग झालं, पण पाणी स्वच्छ. दुसऱ्या दिवशीही स्वच्छ. डाळिंबाच्या दुसऱ्या एकराचं ढेकूळ, जिथं गाळाचा कणही नाही, त्याच्याभोवती दोन तासांत दुधाळ वलय. सकाळी अख्खा पेला भुरकट. गाळाच्या एकराचंही तसंच, पण रंग तपकिरी. म्हणजे तुम्ही म्हणालात तो बोअरच. दुसऱ्या एकराचा उतार ओढ्याकडं आहे, तिथलं पाणी विहिरीत येत नाही, म्हणून मी कधी बघितलंच नव्हतं. काल मुद्दाम ओढ्यापर्यंत गेलो. काठाला वाळलेला पापडीचा थर होता, बोटानं उचलला तर पत्त्यासारखा निघाला. दोन पावसांत आमच्या रानातून गेलेली माती.

जिप्समच्या पेल्यांत दुसऱ्या एकराचं पाणी सकाळपर्यंत काचेसारखं, लेझरची रेघ जवळजवळ नाही. गाळाच्या एकराचं पाणीही पारदर्शक झालं, पण कोऱ्या चहाचा रंग राहिला, आणि त्यात फिकट रेघ दिसते.

एक सांगायचं राहिलं होतं. आईनं गाळाच्या एकरात डाळिंबाच्या आळ्यांच्या कडेनं मेथी-कोथिंबीर टाकलीय. मेथी काढायला आलीय. आणि विहिरीत तुरटी टाकू का?


मातीवाली_सोलापूर

मेथी खायला काढू नका. आईंना आजच सांगा, कोथिंबीरही नको. हे आधी लिहिते, बाकीचं नंतर.

तुम्ही नॅनोला घाबरलात, पण मैलागाळातली मला खरी भीती वाटते ती जंताच्या अंड्यांची. ती ४५ ते ७५ मायक्रॉनची असतात, नॅनो कणाच्या शेकडो पट मोठी. मातीत महिनोन्महिने, कधी वर्षानुवर्षं टिकतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या २००६ च्या मार्गदर्शनात अशा गाळात कोरड्या ग्रॅमला एकापेक्षा जास्त अंडं नको असं आहे. अमेरिकेच्या १९९३ च्या नियमात, पूर्ण निर्जंतुक न केलेला गाळ टाकला तर जमिनीला टेकणारं पीक १४ महिने घ्यायचं नाही, आणि कांदा-मुळ्यासारखं जमिनीतलं त्याहून जास्त काळ. डाळिंब झाडावर उंच असतं, ते चालेल, पण खाली पडलेलं फळ घरात आणू नका. सोनखतावर आजोबांनी भाजी पिकवली हे खरं आहे, दादा, पण ते खड्ड्यात महिनोन्महिने कुजवून, त्यातली उष्णता होऊन मग रानात यायचं. आणि त्या काळी पोटातल्या जंतांनी लहान मुलं किती खंगायची, तेही माझ्या आईनं सांगितलेलं आठवतं.

आता तुरटी. तुरटीनं कण बसतील, विहीर छान दिसेल, आणि तिथंच माणूस फसतो. पापुद्र्यांवर ऋण भार आहे हे मघाशी सांगितलं. नायट्रेटवरही ऋण भार. म्हणून काळी माती धातू धरते, अमोनिया धरते, पण नायट्रेट धरत नाही. गाळातलं नत्र कुजून नायट्रेट झालं की ते सरळ पाण्याबरोबर विहिरीत. त्याला रंग नाही, वास नाही, लेझरला रेघ नाही, तुरटीनं ते निघत नाही, उकळून उलट वाढतं. पिण्याच्या पाण्यात त्याची मर्यादा लिटरला ४५ मिलिग्रॅम आहे. सहा महिन्यांच्या आतल्या बाळाच्या दुधात असं पाणी गेलं तर बाळ निळं पडतं. कामावर येणाऱ्या बायकांपैकी कुणाजवळ तान्हं मूल आहे का, हे आज विचारा.

विहिरीचं पाणी नायट्रेट आणि ई. कोलाय (विष्ठेतून येणारा जिवाणू) या दोन्हींसाठी तपासायला द्या. ई. कोलायची बाटली प्रयोगशाळेतूनच निर्जंतुक करून मिळते. ती घरच्या बरणीत नेऊ नका, आणि बर्फात ठेवून त्याच दिवशी पोचवा. बोअरचं पाणी वेगळं द्या : सोडियम, कॅल्शियम, मॅग्नेशियम, बायकार्बोनेट. डाळिंबाच्या दोन्ही एकरांची माती विनिमयक्षम सोडियमसाठी, म्हणजे कणांवर बसलेल्या सोडियमसाठी. जिप्सम किती टाकायचं ते त्या आकड्यावरून निघेल, दुकानदाराच्या अंदाजावर जाऊ नका. वापसा असताना, म्हणजे माती ना चिखल ना कोरडी अशी असताना, वरच्या अर्ध्या फुटात मिसळायचं आणि पुढच्या पावसानं ते खाली न्यायचं. पेल्यात पाणी निवळलं म्हणजे तुमच्या मातीला ते लागू पडतंय, एवढं नक्की. सोबत ओळींच्या मध्ये ताग किंवा धैंचा हे हिरवळीचं खत पेरून फुलोऱ्याआधी गाडा.

उरलेला थोडा गाळ असेल तर त्यात धातू तपासून घ्या. आपल्याकडच्या खत नियंत्रण आदेशात कंपोस्टसाठी किलोला कॅडमियम ५, शिसं १००, निकेल ५०, क्रोमियम ५०, तांबं ३००, जस्त १००० मिलिग्रॅम अशा मर्यादा आहेत. तुमच्या शहरात रंगकामाचं पाणी गटारात जातं का, हेही विचारा. गेलं तर क्रोमियम आणि तांबं आवर्जून बघायचं.

ओढ्याकाठची ती पापडी मात्र मला लागली. रानातली सगळ्यात बारीक, सगळ्यात अन्न धरून ठेवणारी माती आधी जाते, जाड रेती मागं राहते. उताराच्या खालच्या बांधाला या आठवड्यात दगडाची सांड (जादा पाणी जायची वाट) काढा, मागं गवताची पट्टी धरा.


रानातला_मोहोळ

ताई, नऊ दिवसांनी लिहितोय, अहवाल आले.

विहिरीत नायट्रेट ६२. ई. कोलाय सापडला. बोअरमध्ये सोडियम भरपूर, बायकार्बोनेट कॅल्शियम-मॅग्नेशियमपेक्षा जास्त. गाळात जस्त आणि तांबं मर्यादेच्या आत, क्रोमियम ७१, म्हणजे मर्यादेच्या वर. मातीचा सोडियमचा आकडा पुढच्या आठवड्यात.

गाळ परत आणणार नाही. ज्यांनी दिला त्यांना अहवालाची प्रत नेऊन दिली, आणि आमच्या गावातल्या ज्या चौघांनी नेला होता त्यांनाही. एकाच्या सुनेचं बाळ चार महिन्यांचं आहे, त्यांचीही विहीर रानातच. त्यांचं पाणी काल तपासायला गेलं, तोवर ते आमच्याकडून जार नेतायत.

मेथी उपटून खड्ड्यात पुरली. आई दोन दिवस बोलली नाही. काल तिनं स्वतःच ज्वारीच्या रानाच्या कडेला नवा वाफा काढला.

विहिरीवर कामाच्या माणसांसाठी शंभर लिटरचा ड्रम ठेवलाय, त्यात बाहेरून आणलेलं पाणी भरतो. सांड काढून झाली. काल संध्याकाळी पुन्हा पाऊस झाला, आज सकाळी सांडीच्या मागं चार बोटं गाळ बसलेला होता. घमेल्यानं उचलून परत झाडांच्या बुडाशी टाकला, तेरा घमेली भरली.


मातीवाली_सोलापूर

घमेली मोजलीत, फार बरं केलंत. दर पावसाला मोजा आणि लिहून ठेवा. सोडियमचा आकडा आला की इथंच टाका, जिप्समचा हिशेब बरोबर बसून करू.